सोळाव्या लेण्यातली सुंदरी आणि मुंबईचे घरगुती चित्र

वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, लेण्यांच्या पायथ्याला वळसा घालते आणि पुढे जळगाव जिल्ह्यात उतरून तापीला मिळते. त्या वळणाच्या वर, सोळाव्या लेण्याच्या भिंतीवर एक स्त्री आसनावर कलंडलेली आहे. तिची मान गळली आहे आणि डोळे मिटत आले आहेत. मागून एका दासीने तिला सावरून धरले आहे, दुसरी वारा घालते आहे, बाकीच्या काळजीने तिच्याकडे पाहत आहेत. नवऱ्याचा मुकुट घेऊन आलेला सेवकही त्याच प्रसंगात आहे. बुद्धाचा सावत्रभाऊ नंद याने संसार सोडून दीक्षा घेतली, ती बातमी त्याची पत्नी सुंदरी हिला कळते तो हा क्षण, असे आज अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात ही ओळख पटलेली नव्हती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी या चित्राला ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हटले आणि असा निर्वाळा दिला की, करुणा, भावना आणि गोष्ट सांगण्याची हातोटी या बाबतींत जगाच्या कलेत याच्यापुढे जाणारे चित्र नाही. इटलीतले थोर चित्रकार रेषेत किंवा रंगात सरस ठरले असते, भाव उमटवण्यात नाही. या स्तुतीची दखल पुष्कळांनी घेतली आहे. ती ज्या मापाने केली गेली, त्याच्याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. करुणा, भावना आणि कथन ही तीन मापे त्या वेळी लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनात घरगुती प्रसंगचित्रांना लावली जात. ग्रिफिथ्स यांनी पाचव्या शतकातल्या बौद्ध भित्तिचित्राला आपल्या काळातल्या घरगुती चित्राचा मान दिला. त्यांच्या या नजरेतून मुंबईच्या घरगुती चित्राला एक वेगळे वळण लागले, असे मला म्हणायचे आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाने चित्रकलेला दरबारातून आणि चर्चमधून आपल्या दिवाणखान्यात आणले. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी स्वयंपाकघरे आणि खिडकीजवळ पत्र वाचणाऱ्या बायका रंगवल्या होत्या. डेव्हिड विल्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यातल्या घरांचे प्रसंग रंगवून त्या परंपरेला ब्रिटनमध्ये घर मिळवून दिले. पुढे या चित्रांना इतकी मागणी आली की, मूळ चित्र एका धनिकाकडे जाई आणि त्यावरून केलेले कोरीव छाप हजारो घरांत लागत. ही चित्रे कादंबरीसारखी वाचायची असत. टेबलावरचे पत्र, भिंतीवरची तसबीर, उलटी पडलेली खुर्ची, प्रत्येक वस्तू काही सांगत असे. ऑगस्टस एग यांची १८५८ सालची ‘भूत आणि वर्तमान’ ही तीन चित्रांची मालिका हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. पहिल्या चित्रात नवऱ्याच्या हातात चुरगळलेले पत्र आहे, बायकोचा व्यभिचार उघड झाला आहे आणि ती दिवाणखान्याच्या जमिनीवर कोसळली आहे. एका बाजूला दोन मुली पत्त्यांचा बंगला बांधत आहेत आणि तो ढासळतो आहे. अर्धे कापलेले सफरचंद खाली पडले आहे. पुढच्या दोन चित्रांत आईवेगळ्या झालेल्या मुली आणि थेम्सच्या काठी कमानीखाली आसरा शोधणारी ती स्त्री दिसते. प्रेक्षकाने दुःखी व्हायचे असते आणि न्यायही करायचा असतो. अपराध कोणाचा, शिक्षा कोणाला, हे चित्रकाराने आधीच ठरवून ठेवलेले असते.

ही रीत मुंबईला पोहोचायला फार काळ लागला नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. १८६५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये शिकलेले जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले. त्याच वर्षी थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई खानदेशाशी अखंड जोडली गेली. अजिंठा निजामाच्या राज्यात होता, पण मुंबईहून जाणाऱ्याची वाट खानदेशातूनच होती: पाचोरा किंवा जळगाव स्थानकावर उतरायचे आणि पुढे बैलगाडीने फर्दापूर गाठायचे. त्याआधी वीस वर्षे एक माणूस या डोंगरात काम करत होता. मद्रास सैन्यातले रॉबर्ट गिल यांना ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमले होते. त्यांनी मोठाल्या तैलरंगी प्रतिकृती लंडनला पाठवल्या, त्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहायला मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. गिल यांनी कामाला पुन्हा हात घातला. १८७९ साली ते वारले, तेव्हा त्यांना भुसावळच्या युरोपीय दफनभूमीत पुरले. एका माणसाने आयुष्याची ऐन वर्षे ओतलेले काम एका रात्रीत जावे, ही हानी आजही मनाला लागते. त्या आगीमुळेच नव्या प्रतिकृतींची गरज उभी राहिली आणि १८७२ साली मुंबई सरकारच्या पैशावर ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले. मधल्या खंडांसह हे काम १८८५ पर्यंत चालले. सुमारे तीनशे प्रतिकृती झाल्या, त्या लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतल्याही अनेक नष्ट झाल्या. उरलेल्या आजही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. १८५१ साली जन्मलेले हे पारशी चित्रकार कोवळ्या वयात जे. जे.मध्ये आले, अजिंठ्याच्या कामात वर्षानुवर्षे राहिले आणि १९३८ साली वारले. नक्कल करणे म्हणजे काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. अंधाऱ्या लेण्यात, पोपडे सुटलेल्या आणि धुराने काळवंडलेल्या भिंतीसमोर उभे राहून बोटाचा कोन, मानेचा कल, दासीच्या हाताचा आधार हे सारे इंचाइंचाने उतरवायचे. नुसते पाहणारा माणूस एका चित्रापुढे काही मिनिटे थांबतो; नक्कल करणाऱ्याला तिथे दिवसचे दिवस काढावे लागतात. कोसळणाऱ्या माणसाचे वजन कुठे पडते, धरणाऱ्याचा खांदा कसा उचलला जातो, हे त्याच्या हाताला कळते. १८७७ च्या दिल्ली दरबाराचे चित्र काढायला आलेले इंग्लिश चित्रकार व्हॅलेंटाइन प्रिन्सेप यांच्याकडून पेस्तनजींना तैलरंगांचे मार्गदर्शन मिळाले. त्यानंतर त्यांनी मुंबईतल्या पारशी घरांचे आतले जग रंगवायला घेतले. ‘पोपटाला भरवताना’ हे त्यांचे १८८२ चे चित्र या प्रकारातले सर्वांत गाजलेले. विषय चित्राच्या नावातच आहे. घरातले रोजचे एक काम. कोणी पत्र आणून दिलेले नाही, कोणी मरत नाही, कोणाचे पाप उघडे पडत नाही. रंग लावण्याची पद्धत, उजेडाची मांडणी, कापडाचा आणि लाकडाचा पोत हे सारे युरोपीय आहे. नाही तो फक्त निवाडा.

माझा सारा युक्तिवाद या नसलेल्या निवाड्यावर उभा आहे. एग यांची जमिनीवर पडलेली स्त्री आणि सोळाव्या लेण्यातली कलंडलेली स्त्री शेजारी ठेवून पाहावी. दोघींवर बातमी कोसळली आहे, दोघींच्या घराचे छत्र गेले आहे, दोन्ही चित्रांत एका वस्तूने गोष्ट सांगितली आहे, तिथे पत्र, इथे मुकुट. पण एगच्या खोलीत त्या स्त्रीला कोणाचा हात लागत नाही. नवरा बसून आहे, मुली दूर आहेत, ती एकटी जमिनीवर आहे. अजिंठ्यात सुंदरीला चहूबाजूंनी हात आहेत. नंद दोषी नाही, तो धर्माच्या वाटेने गेला; सुंदरी दोषी नाही, तिने प्रेम केले; आणि तरीही दुःख संपूर्ण आहे. ज्या धर्माने नंदाला घराबाहेर काढले, त्याच धर्माच्या विहारात मागे राहिलेल्या बायकोचे दुःख इतक्या मायेने रंगवावे, ही मला अजिंठ्याची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. मुंबईच्या चित्रकारांनी व्हिक्टोरियन चित्राकडून कथन घेतले, घराचा आतला भाग घेतला, उजेड घेतला. त्यातले न्यायालय घेतले नाही. पेस्तनजींत ते दिसते आणि महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यातही दिसते. धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, १८९० साली जे. जे.मध्ये आले आणि १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले, ते ‘आलीस का लक्ष्मी?’ या अर्थाच्या इंग्रजी नावाच्या चित्रासाठी. घरी येणाऱ्या लक्ष्मीचे स्वागत हा विषय मराठी घराच्या उंबऱ्यावरचा आहे. तो लंडनहून आलेला नाही. त्यांच्या पुढच्या शेकडो चित्रांतल्या पाणी भरणाऱ्या, बाजाराला निघालेल्या, लग्नघरात वावरणाऱ्या बायकांकडे चित्रकार बोट दाखवून उभा राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यातला रस मुळात नक्षीत होता. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना देशी अलंकरणाचे नमुने मिळावेत, छतांवरची वेलबुट्टी उपयोगी पडावी, हा त्या उपक्रमाचा एक घोषित हेतू होता. हे खरे आहे, आणि पेस्तनजींच्या तैलचित्रांत अजिंठ्याची रेषा शोधू गेले तर हाती काही लागत नाही, हेही खरे. पण एका चित्रकाराने दुसऱ्याकडून घेतलेली गोष्ट नेहमी रेषेतच सापडते असे नाही. कोणता क्षण निवडायचा, माणसे किती जवळ बसवायची, दुःखाच्या किंवा निवांतपणाच्या वेळी हात कुठे ठेवायचे, हेही शिकावेच लागते. शिवाय गुरूचा स्वतःचा कौल आपल्यापुढे आहे. ज्या शिक्षकाने शेकडो छतनक्ष्या उतरवून घेतल्या, त्याने जगातली सर्वोत्तम म्हणून निवडली ती नक्षी नव्हती. तो एका घरातला प्रसंग होता. असा शिक्षक विद्यार्थ्यांशी कशाविषयी बोलत असेल, याचा अंदाज बांधायला हा पुरावा पुरेसा आहे. धुरंधरांच्या बाबतीत मात्र दावा सौम्यच करायला हवा. ते शाळेत आले तेव्हा अजिंठ्याचे काम संपून पाच वर्षे झाली होती. पण ग्रिफिथ्स १८९५ पर्यंत शाळेत होते आणि १८९६-९७ मध्ये निघालेले अजिंठ्याच्या चित्रांचे त्यांचे दोन भव्य खंड त्याच सुमारास आकार घेत होते. धुरंधरांना अजिंठा मिळाला असेल तो गुरूच्या डोळ्यांतून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे कर्तेधर्ते बहुतेक युरोपीय होते, चित्रे विकत घेणारे इंग्रज अधिकारी, पारशी शेठ आणि संस्थानिक होते. त्यांना शांत, सुबक, प्रतिष्ठित चित्रे हवी होती. एतद्देशीय घरातला व्यभिचार रंगवून कोणत्या चित्रकाराला पदक मिळाले असते? म्हणजे निवाडा नसणे हा संस्काराचा भाग नसून बाजाराचा भाग आहे, असे कोणी म्हणेल. बाजाराचा हात नाकारण्यात अर्थ नाही. पण ही गिऱ्हाइके इंग्रजी चित्रे पाहून तयार झालेली होती, आणि इंग्लंडमध्ये नीतीचा धडा चांगला विकला जात होता. धडा देणारी चित्रे इथेही खपली असती: आळशी सून, दारुडा नवरा, कर्जबाजारी उधळ्या मुलगा. ती कोणी फारशी काढली नाहीत. राजा रविवर्मा यांचे १८९३ चे ‘ते बघ, बाबा आले’ हे चित्र या संदर्भात तपासण्यासारखे आहे. रविवर्म्यांनी आपल्या मुलीला, महाप्रभेला, कडेवर मूल घेऊन उभे केले आहे. ती चित्राबाहेरून येणाऱ्या बापाकडे बोट दाखवते आहे. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे गेली होती. केरळातल्या ज्या मातृवंशीय घराण्यांत वंश आईकडून चालत होता, तिथे बापाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाची ही प्रतिमा व्हिक्टोरियन कुटुंबाचीच प्रतिमा आहे, असे टीकाकार म्हणतात आणि ते मला पटते. परके कुटुंब या चित्रांतून आपल्या घरात शिरले. तरी याही चित्रात कोणी अपराधी नाही. ल्यूक फिल्ड्स यांच्या १८९१ च्या ‘डॉक्टर’ या प्रसिद्ध चित्रातही अपराधी नाही, हे कबूल केले पाहिजे. सगळे इंग्लिश चित्रकार एगसारखे नव्हते. पण फिल्ड्सच्या झोपडीत आजारी मुलापाशी एक तारणहार बसलेला आहे. अजिंठ्यातल्या दासी कोणाला तारू शकत नाहीत. त्या फक्त धरून आहेत.

तिसरा आक्षेप बंगालकडून आला आणि तो इतका जोराने आला की, मुंबईचे हे सारे काम अर्धशतकभर दुय्यम ठरले. कलासमीक्षक हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनी मांडले की, भारतीय कला अंतर्मुख आणि आध्यात्मिक आहे. रविवर्मा आणि मुंबईचे चित्रकार भावविवश, नाटकी आणि परके आहेत. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार असे तरुण बंगाली चित्रकार अजिंठ्याला आले, नकला केल्या आणि तिथून लयदार रेषेची, अध्यात्माची वाट घेऊन गेले. भिंती त्याच, निष्कर्ष उलटे. बंगालच्या मांडणीत एक मोठी चूक आहे. अजिंठ्याच्या भिंतींवर बोधिसत्त्व पद्मपाणी आहे, तशी सुंदरीही आहे. तिथे नाचणाऱ्या, नटणाऱ्या, मुले खेळवणाऱ्या बायका आहेत. सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन आलेल्या बुद्धापुढे मुलाला पुढे करणारी आई आहे. जातककथा म्हणजे पुष्कळदा घरांच्याच कथा. घरातली माया परकी आणि ध्यानातली शांतता तेवढी आपली, ही वाटणी त्या भिंती मानत नाहीत. भावनेला इंग्रजी ठरवून बंगालने अजिंठ्याचा अर्धा भागच परका करून टाकला.

मुंबईच्या चित्रकारांवर खरा आरोप करायचा तर तो वेगळा आहे, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. त्यांनी निवाडा टाळला तो ठीक. पण पुष्कळदा दुःखही टाळले. त्याच वर्षांत मराठी घर लेखकांच्या हाती पेटलेले होते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ नव्वदच्या दशकाच्या आरंभी क्रमशः निघत होती, १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र दुभंगला होता, देवलांची ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आली. केशवपन, बालविवाह, सासुरवास हे सारे माजघरातच घडत होते. १८९६ पासून प्लेगने मुंबईतली घरे ओस पाडली. खुद्द धुरंधरांच्या पहिल्या पत्नी प्लेगमध्ये गेल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात खानदेशानेही अन्नपाण्यावाचून माणसे मरताना पाहिली. इंग्लंडमध्ये फिल्ड्स यांनी रात्रनिवाऱ्याच्या दारात कुडकुडणाऱ्या गरिबांना रॉयल अकॅडमीच्या भिंतीवर नेले. मुंबईच्या प्रदर्शनांत अशा चित्रांची परंपरा उभी राहिली नाही. ज्यांनी सुंदरीची गळलेली मान इंचाइंचाने उतरवली होती, त्यांच्यापैकी कोणी तरी आपल्या घरातली विधवा त्याच मायेने रंगवायला हवी होती. अजिंठ्याने त्यांना धीर दिला होता; तो धीर त्यांनी पुरता वापरला नाही. माझ्या मते या चित्रपरंपरेचे मोठे उणेपण परकेपणात नाही, या मौनात आहे.

खानदेशात या परंपरेचे एक टोक पुढे छायाचित्रात निघाले. १८५८ सालीच इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीभोवती बसलेल्या कुटुंबाचे छायाचित्र बनवले होते. कॅमेऱ्यानेही चित्रासारखी रचलेली, भावनेने भरलेली प्रतिमा काढता येते, हे त्यातून सिद्ध झाले. १९१२ साली मुंबईत जन्मलेले छायाचित्रकार केकी मूस हे त्या घराण्याचे. चाळीसगावच्या आपल्या बंगल्याला त्यांनी रेम्ब्राँच्या नावाने ओळख दिली, टेबलावर लहानसहान वस्तू मांडून निसर्गदृश्ये रचली आणि गावातल्या साध्या, वयाने वाकलेल्या माणसांचे चेहरे एका बाजूच्या उजेडात टिपले. १९८९ साली ते गेले. पेस्तनजींच्या चित्रांत न आलेली गरिबी मूस यांच्या छायाचित्रांत आली, आणि तीही कोणाला दोष न देता.

जळगावहून अजिंठा साधारण साठ किलोमीटरवर आहे आणि खानदेशातले विद्यार्थी दरवर्षी सहलीने तिथे जातात. त्यांना पद्मपाणी दाखवला जातो, सुंदरीपुढे ते थांबत नाहीत. ग्रिफिथ्स यांच्या खंडांतले तिचे चित्र, पेस्तनजी आणि धुरंधरांची घरगुती चित्रे आणि मूस यांची छायाचित्रे, चांगल्या प्रतिकृतींच्या रूपाने का होईना, जळगावात किंवा धुळ्यात एकदा एकत्र मांडली जावीत. खानदेशातल्या कलाशिक्षकांनी, चित्रकला महाविद्यालयांनी आणि सांस्कृतिक संस्थांनी हे काम हाती घ्यावे.